हसू सुधारायचंय? दाताला मशीन लावण्याआधी हे वाचा

आमच्या दाताच्या दवाखान्यात कुणी ‘स्माइल नीट करायचंय’ म्हणून येतं, तेव्हा बहुतेकदा उपाय ठरवूनच आलेलं असतं. मोबाइलवर रील दाखवायचं, ‘डॉक्टर, असं पाहिजे’ म्हणायचं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, ‘एका सीटिंगमध्ये होईल ना?’ नेमकं काय खटकतंय हे विचारलं की मात्र उत्तर सापडायला वेळ लागतो. हा लेख अशाच पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे. कुठला उपचार सर्वांत भारी, हे यात नाही. कशानंतर काय करायचं, आणि कुठे थांबायचं, ते आहे.

त्याआधी इनॅमलबद्दल थोडं. दाताच्या बाहेरचं हे आवरण शरीरातली सर्वांत कठीण वस्तू, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण ते तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात. हाड जुळतं, कातडी भरून येते. गेलेलं इनॅमल परत येत नाही. पुढच्या दातावर त्याची जाडी खालच्या कडेला साधारण १ मिलिमीटर, हिरडीजवळ त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा भांडवलावर आयुष्य काढायचं असतं. म्हणून मी सगळे उपचार एकाच कसोटीवर लावते: उद्या मन बदललं तर मागे फिरता येईल का? सफाई, ब्लीचिंग (औषधाने रंग उजळवणं), तारा, बाँडिंग (दातावर दाताच्या रंगाचे थर चढवणं), व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूचं पातळ कवच), कॅप (दाताला चहूबाजूंनी झाकणारं टोपण). या क्रमाने जितकं पुढे जाल तितकं परत फिरणं अवघड होत जातं. जाहिरातींत हा क्रम बरोबर उलटा दिसतो, कारण कॅप आणि व्हेनिअरचे आधीचे-नंतरचे फोटो सर्वांत झगझगीत येतात.

पायरी १ : तक्रार नेमकी कशाची?

दिवसाउजेडी खिडकीजवळ उभे राहा, लिपस्टिक पुसा आणि घरातल्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने थोडं लांबून फोटो काढायला सांगा. सेल्फी नको, फार जवळून काढलेल्या फोटोत नाक आणि पटाशीचे दात आहेत त्याहून मोठे येतात, आणि मग नसलेली तक्रार सुरू होते. तीन फोटो पुरतात: ओठ सैल सोडलेला, नेहमीसारखं हसतानाचा, आणि बोटांनी ओठ बाजूला ओढून दात मिटलेला.

आता बघा. खटकतं ते रंगाचं, जागेचं, आकाराचं की हिरडीचं? चारही गोष्टींचे उपाय वेगळे, आणि त्यांची गल्लत फार होते. ‘दात पिवळे आहेत’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचे दात ठीक असतात, त्यावर कीटण साचलेलं असतं. ‘दात बारके आहेत’ म्हणणाऱ्यांची कधी कधी हिरडीच दातावर जास्त उतरलेली असते. सुळे बाजूच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात, ती तक्रारच नव्हे. सुळ्यांचा रंग मुळातच गडद असतो. वयाबरोबर सगळेच दात पिवळसर होतात, कारण वरचं इनॅमल झिजून आतलं पिवळं डेंटिन अधिक दिसू लागतं.

एकच दात करडा किंवा काळा पडला असेल तर तो वेगळा विषय. लहानपणी सायकलवरून पडलेलं, कॅरमच्या पाटावर तोंड आपटलेलं, असं काही ना काही निघतंच. आतली नस मेलेली असते. अशा दाताला आधी एक्स-रे, मग रूट कॅनल (मेलेली नस काढून आतली पोकळी साफ करणं), आणि त्यानंतर आतून ब्लीचिंग करता येतं. औषध दाताच्या पोकळीत ठेवून वरून बंद करतात आणि काही दिवसांनी बदलतात. त्या एका दातासाठी शेजारच्या पाच दातांना कॅप लावायला सांगणारा सल्ला मिळाला, तर दुसरीकडे जाऊन विचारा.

पायरी २ : कुणाकडे जायचं, आणि आधी काय करून घ्यायचं

पाट्यांवर ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, ९ शाखा आहेत आणि त्यांत कॉस्मेटिक नावाची शाखाच नाही. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी, झालेला डॉक्टर हे उपचार कायद्याने करू शकतो आणि अनेक जण उत्तम करतात. पण तारांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट, कॅप-व्हेनिअरसाठी प्रोस्थोडॉन्टिस्ट, बाँडिंग आणि रूट कॅनलसाठी कॉन्झर्व्हेटिव्ह व एंडोडॉन्टिक्स शाखेचा, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, हे माहीत असलेलं बरं. डॉक्टरची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असायला हवी. तो क्रमांक विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. ब्यूटी पार्लरमध्ये फेशियलबरोबर ‘टीथ व्हाइटनिंग’चं पॅकेज मिळत असेल तर फेशियल करा आणि घरी या.

पहिल्या भेटीत किडलेले दात, हिरड्यांतून येणारं रक्त, जुनी सिमेंटं, झोपेत दात खाण्याची सवय, हे सगळं तपासलं गेलं पाहिजे. तंबाखू, गुटखा किंवा सुपारीची सवय असेल तर ती स्वतःहून सांगा. तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल, तिखट सहन होत नसेल, गालात पांढरा चट्टा असेल, तर हसण्याचा विषय बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करून घ्यायची. सुपारीने गाल आतून आखडत गेलेल्या माणसाच्या तोंडात व्हेनिअर सोडाच, साधा आरसा नीट फिरवता येत नाही.

मग सफाई, म्हणजे स्केलिंग. ‘क्लीनिंग केलं की दात सैल होतात’ हे घरोघरी ऐकायला मिळतं. घडतं असं: हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं, दात कीटणाच्या आधाराने उभे असतात. ते काढलं की फटी उघड्या पडतात, जीभ सारखी तिथे जाते, आणि दोष मशीनवर येतो. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा असतो. मुलीच्या लग्नाआधी आई सफाईला येते, काळपट थर निघतो आणि खाली चांगले दात असतात. मशेरी चालू राहिली तर पुढच्या काही आठवड्यांत डाग पुन्हा हजर. सवय सोडण्यासाठी आरशात दिसणारा हा फरक काही जणींना उपयोगी पडतो, एवढं मी पाहिलं आहे.

सफाईनंतर लगेच पुढचं काही ठरवू नका. हिरडीची सूज उतरायला दोन-तीन आठवडे द्या आणि तेच तीन फोटो पुन्हा काढा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

पायरी ३ : रंग

आधी घरगुती उपायांचा निकाल लावू. लिंबू-मीठ, स्ट्रॉबेरी, व्हिनेगर ही आम्लं आहेत. ती इनॅमल विरघळवतात. कोळशाची पेस्ट, राखुंडी, विटकरीची भुकटी हे सगळं खरखरीत; वरचा डाग खरवडला जातो आणि त्याबरोबर इनॅमलही. पहिले काही दिवस दात उजळ दिसतात, पुढे आतलं पिवळं जवळ येत जातं आणि थंड पाण्याने सणक जायला लागते. बाजारातली ‘व्हाइटनिंग’ टूथपेस्ट वरचे डाग थोडे कमी करते. दाताचा मूळ रंग ती बदलत नाही.

ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जातं आणि रंग देणारे रेणू तोडतं. यात दात तासला जात नाही, म्हणून रंगाची तक्रार असेल तर पहिला पर्याय हाच. प्रकार दोन. दवाखान्यात हिरडीवर संरक्षक लेप लावून ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल १५-२० मिनिटांसाठी दोन-तीनदा लावतात. घरच्या पद्धतीत तुमच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून देतात, त्यात १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री किंवा रोज काही तास घालायचा, दोन-तीन आठवडे. ही ट्रेची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि अजून टिकून आहे. माझं मत विचाराल तर बहुतेकांसाठी तीच बरी: हळू चालते, कळ कमी येते, आणि ट्रे जवळ राहतो, म्हणजे दोन वर्षांनी थोडं जेल आणून पुन्हा उजाळा देता येतो. दवाखान्यातला निळा दिवा फोटोत छान दिसतो. अंतिम रंगात त्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय खुर्चीतून उठताना दिसणारा पांढरेपणा थोडा फसवा असतो. तासभर तोंड उघडं राहून दात सुकलेले असतात, दोन-तीन दिवसांत ते खऱ्या रंगावर येतात.

पिवळे-तपकिरी दात चांगले उजळतात. करडे, निळसर दात, म्हणजे लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलेल्यांचे, फार हट्टी असतात. तिथे महिनोन्‌महिने ट्रे वापरावा लागतो आणि तरी पट्टे राहू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपण गेलेल्यांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग असतात. (पिण्याच्या पाण्यात १ लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.) असे डाग घेऊन आलेल्यांना थेट व्हेनिअर सुचवलं जातं, त्याचं मला वाईट वाटतं. मायक्रोॲब्रेजनमध्ये इनॅमलचा अगदी वरचा, केसाहून पातळ थर काढतात. रेझिन इन्फिल्ट्रेशनमध्ये पांढऱ्या डागाच्या सूक्ष्म छिद्रांत पातळ रेझिन (प्रकाशाने कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ) मुरवतात आणि डाग आजूबाजूच्या रंगात मिसळतो. सौम्य आणि मध्यम फ्लोरोसिसला, म्हणजे फ्लोराइडच्या या डागांना, हे दोन्ही आणि ब्लीचिंग मिळून बरंच काम होतं.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. कॅप, व्हेनिअर, सिमेंट यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळले की जुनं सिमेंट उठून दिसतं. म्हणून आधी ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबून बाँडिंग. दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्याच्या आड येतो, आणि रंग स्थिरावलेलाही नसतो. ब्लीचिंग चालू असताना कळ येणं नेहमीचं आहे. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट, एखाद दिवस सुट्टी, एवढ्याने भागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे पुढे ढकलावं, १८ च्या आतल्यांनीही. दवाखान्यातल्या ब्लीचिंगनंतर आम्ही दोन दिवस चहा, कॉफी, हळदीचा रस्सा, बीट, जांभूळ टाळायला सांगतो. दहीभात, इडली, दूधपोहे चालतात. एका काकूंनी विचारलं होतं, ‘म्हणजे आजारी माणसाचं जेवण?’ साधारण तेच.

पायरी ४ : जागा

दात वाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले असतील तर ते सरकवणं हाच सरळ उपाय. ‘आता या वयात तारा?’ हा प्रश्न तिशीतल्यांपासून पन्नाशीतल्यांपर्यंत सगळे विचारतात. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर वयाची वरची मर्यादा नाही.

धातूच्या तारा सर्वांत स्वस्त आणि अवघड केसलाही चालतात. सिरॅमिकच्या कमी दिसतात, पण त्यावरची रबरं हळदीने पिवळी होतात. एका मिसळीत नव्या रबरांचं सोनं होतं. साधारण १८ ते २४ महिने धरून चाला. अलायनर म्हणजे पारदर्शक ट्रेंची मालिका. दिवसाला २० ते २२ तास घालायचे, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे. दात नीट पकडता यावा म्हणून दातावर सिमेंटचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, हे जाहिरातीत दिसत नाही. अलायनर घालून पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. दिवसाला पाच चहा घेणाऱ्याने हे गणित आधी करावं: प्रत्येक चहाला ट्रे काढा, चूळ भरा, घाला. शिस्त नसेल तर पैसे ट्रेमध्ये आणि दात जागच्या जागी.

डॉक्टरला न भेटता घरी माप घेऊन अलायनर पाठवणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहा. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही त्यांतली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले लोक वाऱ्यावर राहिले. एक्स-रे न काढता, मुळांखालचं हाड न बघता दात हलवणं मुळातच धोक्याचं आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ‘दोन वर्षं तारा कशाला, चार दातांचं रूट कॅनल करून कॅप लावू, आठवड्यात सरळ’ असा प्रस्ताव लग्न ठरलेल्या मुलामुलींना हमखास मिळतो. यात चांगल्या, जिवंत दातांच्या नसा काढल्या जातात आणि दात तासून खुंटासारखे केले जातात. बावीस वर्षांच्या मुलीला पुढची पन्नास वर्षं त्या खुंटांवर काढायची असतात. वेळ नसेल तर फोटोत दात थोडे वाकडे येऊ द्या.

तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, लावायचा असतो. दात जुन्या जागी जायला बघतात, आणि पहिल्या वर्षात तर फारच. रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षं चालू ठेवावा लागतो, हे खर्चाचा आकडा ऐकण्याआधीच ऐकून ठेवा.

पायरी ५ : आकार

तुटलेली कड, पटाशीच्या दातांतली फट, बारका राहिलेला बाजूचा दात यांसाठी पहिला उपाय कॉम्पोझिट बाँडिंग. दातावर ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक ॲसिडचं जेल अर्धा मिनिट किंवा त्याहून कमी लावतात, इनॅमल सूक्ष्म खडबडीत होतं, त्यावर बाँड आणि मग दाताच्या रंगाच्या रेझिनचे थर, प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करत. या जेलची युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. आजचं जवळपास सगळं चिकटकाम तिच्यावर उभं आहे. बहुतेकदा दात तासावा लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, एका बैठकीत होतं, आणि कोपरा उडाला तर तेवढाच जोडता येतो. तोटा: चहा-हळदीने रंग धरतं, अधूनमधून पॉलिश लागतं, आणि पाच-सात वर्षांत नवं करावं लागतं. फट भरायची असेल तर आधी तिचं कारण विचारा. कधी वरच्या ओठाची आतली दोरी खाली उतरलेली असते, कधी हिरडीच्या आजाराने दात पसरलेले असतात. फट भाग्याची मानणारी घरंही आहेत. तुम्हाला ती खटकत नसेल तर दुसऱ्याने सुचवलं म्हणून भरू नका.

पोर्सिलेन व्हेनिअर हे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं कवच, ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं, हल्ली बहुधा लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकचं. तेवढाच दात पुढून तासतात. चकाकी टिकते, डाग धरत नाही, नीट सांभाळलं तर १० ते १५ वर्षं जातात. आता हिशेब करा: पंचविसाव्या वर्षी केलेली व्हेनिअर आयुष्यात दोन-तीनदा बदलावी लागणार, आणि प्रत्येक वेळी दात थोडा कमी होणार. ‘न तासता व्हेनिअर’ ही गोष्ट खोटी नाही, पण ती आत झुकलेल्या किंवा बारक्या दातांना शोभते. आधीच पुढे आलेल्या दातांवर चिकटवली की ओठ मिटेनासे होतात.

व्हेनिअर करायचंच ठरलं, तर दोन टप्पे मी स्वतः समोर बसून बघण्यासारखे मानते.

पहिला शेड घेण्याचा, म्हणजे दाताच्या रंगाची छटा ठरवण्याचा. विटा कंपनीच्या क्लासिकल या नमुन्यांच्या पट्टीत १६ शेड असतात, ए१ पासून डी४ पर्यंत. शेड अगदी सुरुवातीला, दात ओले असताना घ्यायची; तोंड दहा मिनिटं उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात आणि चुकीची शेड लिहिली जाते. खुर्चीवरचा दिवा बंद, खिडकीचा उजेड, लिपस्टिक पुसलेली, भडक ओढणी झाकलेली. पट्टीचा नमुना दाताच्या कडेला कड लावून धरायचा आणि पाच सेकंदांत नजर काढायची. टक लावून बघितलं की डोळा थकतो आणि सगळे नमुने सारखे वाटू लागतात. मग नमुन्यासकट फोटो काढून लॅबला पाठवायचा. लोक सर्वांत पांढरी, ब्लीच शेड मागतात. डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरे झाले की ते दुरूनच लावलेले कळतात.

दुसरा टप्पा मॉक-अपचा. लॅब तुमच्या साच्यावर मेणाने किंवा कॉम्प्युटरवर नवे दात घडवते, आणि त्यावरून केलेल्या रबरी साच्यातून तात्पुरतं मटेरिअल थेट तुमच्या न तासलेल्या दातांवर उतरवतात. पंधरा मिनिटांत नवं हसू तोंडात, आणि पसंत नसेल तर उकलून काढता येतं. त्या पंधरा मिनिटांत आरशासमोर नुसतं हसत बसू नका, बोला. ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला हलक्या टेकायला हव्यात. ‘वाफ, विठोबा, फराळ’ म्हणताना ओठ चावला जात असेल तर दात लांब झालेत. मग साठपासून सत्तरपर्यंत मोजा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करताना शिट्टी वाजली किंवा ‘स’ बोबडा आला, तर लांबी-जाडी बदलायला सांगा. घरच्या कुणाला तरी बरोबर न्या, फोनवर व्हिडिओ काढा. जो दवाखाना मॉक-अपशिवाय आठ-दहा दात तासायला तयार आहे, तिथे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

कॅपबद्दल थोडक्यात. कॅप दाताला चहूबाजूंनी झाकते, म्हणून चहूबाजूंनी तासावं लागतं आणि दिसणाऱ्या दाताचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग जातो. रूट कॅनल झालेला, फार मोडलेला दात असेल तर ती योग्यच. जुन्या धातू-सिरॅमिक कॅपच्या हिरडीजवळ काळी रेघ दिसत असेल तर ती बदलून झिर्कोनिया (पांढरं, मजबूत सिरॅमिक) किंवा लिथियम डायसिलिकेटची लावता येते. निरोगी दाताला रंगासाठी कॅप लावणं मला पटत नाही. इंग्लंडमधून तुर्कस्तानला जाऊन आठवड्यात वीस-वीस कॅप बसवून येणाऱ्यांच्या ‘टर्की टीथ’ची चर्चा तिथली मराठी मंडळी ऐकून असतीलच.

हिरड्या

हिरड्या काळसर असणं हा आजार नाही. त्वचेप्रमाणे हिरडीतही मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं आणि आपल्या लोकांत ते सर्रास दिसतं. लेझरने किंवा ब्लेडने वरचा थर काढून गुलाबी रंग आणता येतो, पण काही महिन्यांत-वर्षांत रंग परतू शकतो. सिगारेट चालू असेल तर लवकर. हसताना हिरडी जास्त दिसत असेल तर कारणं अनेक: हिरडी उतरलेली, ओठ जास्त उचलला जाणारा, किंवा वरचा जबडाच लांब. पहिल्यात हिरडीची छोटी शस्त्रक्रिया, दुसऱ्यात बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन, ज्याचा परिणाम तीन-चार महिनेच टिकतो, आणि तिसऱ्यात जबड्याची मोठी शस्त्रक्रिया. कारण न सांगता कुणी थेट इंजेक्शन सुचवलं तर कारण विचारा. हिरडीची शस्त्रक्रिया आणि व्हेनिअर दोन्ही व्हायचं असेल तर मध्ये तीन महिन्यांच्या आसपास थांबावं लागतं, कारण हिरडीची कड स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

लग्न, पैसे आणि परदेशातून येणारे

तारांसाठी लग्नाआधी दीड-दोन वर्षं हवीत. व्हेनिअर किंवा हिरडीचं काम तीन-चार महिने आधी सुरू करा. ब्लीचिंग दीड महिना आधी, सफाई त्याहून आधी. शेवटच्या दोन आठवड्यांत तोंडात नवीन काहीही करू नका, साखरपुड्याला कुणी कितीही छान दात दाखवले तरी.

पुण्या-मुंबईतला खर्च अगदी ढोबळ सांगायचा तर सफाई हजार-दोन हजारांत, बाँडिंग दाताला दोन ते सहा हजार, पोर्सिलेन व्हेनिअर दाताला दहा ते वीस हजार, धातूच्या तारा पस्तीस ते सत्तर हजार, अलायनर लाखापासून पुढे. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या दंतोपचारांना बहुधा चालत नाही. बजेट कमी आणि वेळ हाताशी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय यांचा विचार करा. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतो आणि प्राध्यापक तपासतात. वेळ लागतो, फेऱ्या होतात, पण घाई कुणालाच नसते, आणि या कामात तो मोठा फायदा आहे. तारांच्या उपचारात विद्यार्थी मध्येच पास होऊन गेला तर केस कुणाकडे जाईल, हे तेवढं विचारून ठेवा.

कुठेही करा, हे प्रश्न लेखी उत्तर मिळेपर्यंत सोडू नका: कोणत्या दाताला नेमकं काय, दात किती तासणार, याहून कमी तासणारा पर्याय का चालणार नाही, मटेरिअलचं नाव काय, तुटलं तर दुरुस्ती कोण आणि किती पैशांत करणार.

डिसेंबरात सुट्टीवर येणाऱ्यांसाठी: बाँडिंग, ब्लीचिंग, एक-दोन व्हेनिअर तीन आठवड्यांत नीट होतात. अलायनर इथे सुरू करून तिकडे चालू ठेवायचे असतील तर तिकडचा डॉक्टर आधी शोधा, नंतर नाही. ब्रिटन आणि युरोपात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइडचं व्हाइटनिंग दंतवैद्यामार्फतच करता येतं आणि त्याचीही मर्यादा ६ टक्के आहे, त्यामुळे इथलं कडक जेल पिशवीत घालून नेऊ नका.

झाल्यानंतर

पुढच्या दातांनी ऊस सोलणं, बडीशेपेच्या पुडीचं टोक फाडणं, नखं कुरतडणं, पेनाचं टोपण चावणं बंद. चिक्की आणि कडक बुंदीचा लाडू दाढेखाली. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं संरक्षक कवच, घ्याच. तो नसेल तर महागातलं महाग पोर्सिलेन कडेने उडतं. ब्रश मऊ, पेस्ट साधी, दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्ट कॉम्पोझिटची चकाकी घालवतात. सहा महिन्यांनी दाखवून या.

फाइलमध्ये शेड नंबर, मटेरिअलचं नाव, लॅबचं कार्ड, एक्स-रे आणि तासण्याआधीचे फोटो ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलला, तरी एक व्हेनिअर निघाल्यावर शेजारच्याशी जुळवायला त्या कागदाचाच उपयोग होतो. आणि निघालंच, तर ते अख्खं असेल तर स्वच्छ डबीत ठेवून दोन-चार दिवसांत घेऊन या, बहुतेकदा तेच परत बसतं. फक्त फेविक्विकने चिकटवू नका. मग ते व्हेनिअरही जातं आणि दातावरचा तो गोंद काढायला पुन्हा मशीन लावावं लागतं.